टाळलेले सूर

चौथा मजला आला तशी लिफ्ट वाजली, आणि मार्लिसचा डावा हात कोपरातून उचलला गेला, मनगट पुढे फिरलं, मूठ गोल फिरून खांद्याशी येऊन थांबली. मुठीत काहीच नव्हतं. लिफ्टमध्ये दोन बायका होत्या आणि काठी टेकलेला एक म्हातारा. तिघांनीही आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग भल्या माणसांसारखं दाराकडे. मार्लिसनं कोटाची कॉलर सारखी केल्याचं सोंग केलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या खोलीत जाऊन बसली. हाताची तिला फारशी लाज वाटली नव्हती. या वयात हात, गुडघे, मूत्राशय, सगळेच आपापल्या मनाचे राजे होतात. पण लिफ्टचा तो सूर मध्यम होता, चोख मध्यम, आणि मध्यम एव्हरेटचा. एव्हरेटचा मध्यम वाजला की लगेच पुढचा पंचम तिचा. पाच वर्षांत हा क्रम तिनं मनातसुद्धा पुरा केला नव्हता. आज एका नव्या लिफ्टनं तिला फसवून तो करून घेतला, आणि आता खुर्चीत बसल्या बसल्या डोळे पाणावले होते, डॉक्टरनं डोळ्यांत थेंब टाकायच्या आधीच.

थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात आणि दोन-तीन तास जग विस्कटलेलं दिसतं. मार्लिस काळ्या प्लास्टिकचा फुकट मिळालेला चष्मा लावून बसमध्ये बसली. टोलेडोचे रस्ते नोव्हेंबरच्या उन्हात विरघळून चालले होते. नदी म्हणजे नुसता एक पांढरा पट्टा. स्टॉपवरच्या माणसांना चेहरेच नव्हते, नुसते कोट होते. असं सगळं पुसट झालं की ऐकू जास्त येतं, का आपण जुनं ऐकू लागतो कोण जाणे. वॅलनट स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट चर्चच्या तळघरात, लांब टेबलावर स्पंज अंथरून वर लाल मखमल टाकलेली, आणि त्यावर लहानमोठ्या पितळी घंटा एका रांगेत. मुठींवर इंग्रजी अक्षरं होती, पण आपण आपले त्यांना गंधार-मध्यमच म्हणू. रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला दोन घंटा, म्हणजे दोन सूर. गाणं कुणा एकाचं नसतं. आपले दोन आले की वाजवायचे, नाद थांबवायला घंटा खांद्याला टेकवायची आणि गप्प उभं राहायचं. बाहेरच्या माणसाला हे फार कंटाळवाणं वाटतं. मार्लिसचा नवरा लाइल म्हणायचा, अगं, हे म्हणजे सगळ्या गावानं मिळून एक वाक्य बोलायचं आणि तुझ्या वाट्याला ‘आणि’ यायचं. त्याला हसू यायचं, तिलाही यायचं. पण तिचं ‘आणि’ एव्हरेटच्या शब्दानंतर यायचं हे लाइलला माहीत नव्हतं, किंवा त्यानं ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

गंधार आणि मध्यम एव्हरेट लुंडीनचे, पंचम आणि धैवत मार्लिसचे. दोघांत एक वही, गाण्याची. त्याचे सूर निळ्या पेन्सिलीनं गोल केलेले, तिचे लाल. पान उलटायचं ते ज्याचे सूर थोडा वेळ नसतील त्यानं, आणि हातमोज्यांनी पान धड धरता येत नाही, म्हणून एव्हरेट ते हनुवटीनं उलटायचा. पहिल्या वर्षी ती इतकी हसली की तिचा धैवत राहूनच गेला. मंगळवारी संध्याकाळी सराव, रविवारी उपासना, असं अठ्ठावीस वर्षं. गाणं वर चढताना त्याचा सूर त्याच्या खांद्यावर विझायचा आणि त्याच क्षणी तिचा उठायचा. मध्ये एक बारीकशी जागा असायची, श्वासाएवढी. ती जागा दोघांची होती. तिला नाव नव्हतं आणि मार्लिसनं कधी शोधलंही नाही. याला प्रेम म्हणायचं का? घरी लाइल होता, चांगला होता, त्याच्या शेवटच्या आजारात तिनं त्याचं सगळं मायेनं केलं आणि तो गेल्यावर खरं रडली. एव्हरेटच्या घरी डोरीन होती, तिच्याशीही मार्लिसचं छान जमायचं. एव्हरेटचा हात तिनं कधी धरला नाही, कारण हात सदा घंटांनी भरलेले. पण मंगळवारी दुपारपासून तिला बरं वाटू लागायचं आणि बुधवारी सकाळी काहीतरी संपल्यासारखं, हे खरं. चाळीस ते सत्तर या वयात माणसाला आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी शेजारी उभं राहायला मिळावं, एवढंच काय ते तिला जगाकडून हवं होतं, आणि त्या तळघरानं ते न मागता दिलं होतं.

बस चर्चवरून गेली. विस्कटलेल्या डोळ्यांनाही शिखर ओळखू आलं. भांडणतंटा काही झाला नव्हता, रागावून कुणी गेलं नव्हतं. माणसं वारली, मुलं नोकऱ्यांमागे दक्षिणेला गेली, नातवंडांना रविवारी सकाळी फुटबॉल असतो. समोरच्या लूथरन लोकांच्या चर्चमध्ये आता भाडेकरू राहतात, वेदीच्या जागी कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. प्रेस्बिटेरियनांच्या चर्चच्या उंच भिंतीवर तरुण पोरं व्यायाम म्हणून कमरेला दोर बांधून चढतात आणि उतरतात. आपलं तसं होणार नाही असं वॅलनट स्ट्रीटच्या मंडळीला का वाटत होतं देव जाणे. तळघराच्या बोळात मुलांचे कोट टांगायच्या खुंट्या मार्लिसच्या कमरेइतक्या उंचीवर आहेत, आणि त्यांवर कोट नसायला लागून किती वर्षं झाली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एका रविवारी छपराबद्दल बोलणं झालं, पाळकबाई रडल्या, आणि उरलेल्या मंडळींनी चर्च बंद करायच्या बाजूनं हात वर केले. मार्लिसनंही केला. त्या हातात तरी काय होतं? येत्या रविवारी शेवटची उपासना, आणि सोमवारी घंटा दुसऱ्या गावच्या एका शाळेला जाणार.

एव्हरेट मात्र पाच वर्षांपूर्वीच गेला होता. हायवेलगतच्या त्या मोठ्या नव्या चर्चमध्ये, जिथे बाकांऐवजी खुर्च्या आहेत आणि कॉफी आत न्यायला बंदी नाही. मुलगी तिकडे जात होती, नातवंडं तिकडे, डोरीन म्हणाली आपणही जाऊ. त्याच्या शेवटच्या मंगळवारी त्यानं हातमोजे घडी करून खोक्यात ठेवले, ‘बरंय मग,’ म्हणाला आणि निघाला. मार्लिसही ‘बरंय’ म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात रोवीनानं, म्हणजे रांगेपुढे उभी राहून हात हलवणाऱ्या बाईनं, त्याच्या दोन घंटा उचलून कुणाला तरी द्यायला घेतल्या, तर मार्लिस म्हणाली, ‘राहू देत.’ असं म्हणाली की रोवीनानं त्या परत ठेवल्या. पुढे एकेक माणूस कमी होत गेलं तसे बाकीच्यांनी एकेका हातात दोन-दोन घंटा धरायला सुरुवात केली. मार्लिसनं मनगट दुखतं म्हणून सांगितलं. तिच्या डावीकडे मखमलीवर दोन घंटा आडव्या पडून राहिल्या, दर मंगळवारी ती त्या पुसायची आणि तशाच ठेवायची. रोवीना बिचारी त्या दोन सुरांना टाळून गाणी शोधू लागली. शोधून पाहा, अशी गाणी किती सापडतात ते.

डॉक्टरकडून आली त्याच संध्याकाळी सराव होता. दिव्याभोवती अजून वलयं दिसत होती, वहीतले गोल एकमेकांत मिसळत होते. रोवीनानं कागद वाटले आणि मार्लिसला पहिल्या ओळीतच निळं दिसलं. ईस्टरचं जुनं गाणं, पायऱ्या चढून जाणारं आणि उतरणारं, ज्यात गंधार-मध्यमाशिवाय एक ओळ पुरी होत नाही.

‘मार्लिस, त्याच्या दोन डाव्या हातात घे, तुझ्या दोन उजव्यात,’ रोवीना म्हणाली. अगदी सहज म्हणाली, म्हणजे घरून ठरवून आली होती.

‘माझं मनगट दुखतं.’

‘काही दुखत नाही. परवा तू एकटीनं अख्ख्या अंगणातली पानं दाताळ्यानं ओढलीस, मी गाडीतून बघितलंय.’

‘पानांचं वेगळं असतं.’

‘हे बघ, पाच वर्षं मी तुझ्या त्या दोन सुरांना वळसा घालतेय. जी गाणी होती ती संपली गं. येशूचा जन्म असो का मरण, आपण एकच चाल वाजवतो, लोकांच्या लक्षात आलंय ते!’

रांगेच्या टोकाला मोठ्या घंटांकडे कुणीतरी फिसकन हसलं. रोवीना हसली नाही. तिचा आवाज खाली आला. ‘शेवटच्या दिवशी तरी सगळे सूर वाजू देत. भोकं पडलेलं गाणं वाजवून दार लावायचं का?’

मार्लिसनं डावीकडे पाहिलं. पितळेत दिव्याचं वलय आणि तिचा फुगलेला चेहरा. ‘मी एव्हरेटला विचारते,’ ती म्हणाली.

‘तो यायचा नाही.’

‘विचारते ना मी.’

तिनं रात्रभर काय विचारायचं याची जुळवाजुळव केली आणि सकाळी गाडी काढली. एव्हरेट गॅरेजचं दार उघडं टाकून नातवाची बर्फावर घसरायची गाडी दुरुस्त करत होता. वाळला होता थोडा. कानावरचे केस वाढले होते. तिला पाहून त्यानं पक्कड खाली ठेवली आणि कारण नसताना हात पुसले. सुपरमार्केटात अधूनमधून भेट व्हायची, पण तिथे हातगाड्या असतात, मागे माणसं खोळंबतात. इथे काहीच मध्ये नव्हतं, आणि मार्लिसला कुठे उभं राहावं ते कळेना. नकळत ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

‘मी तिकडे काय करतो सांगू का?’ त्यानंच सुरुवात केली. ‘तारा गुंडाळतो. तीन गिटार, एक ढोल, आणि मैलभर तारा. पोरं वाजवतात, मी गुंडाळतो. आवाज एवढा की पापं घाबरूनच पळतात.’

‘आवडतं?’

‘मुलं असतात गं तिथे. पळतात, आपटतात, भोकाड पसरतात. पाळक बोलत असतो आणि ही बिस्किटं खात असतात. आपल्याकडे शेवटचं मूल कधी रडलं, आठवतंय तुला?’

तिला आठवेना. तिला राग आला, त्याचा नाही, रडायचं थांबलेल्या त्या शेवटच्या मुलाचा. ‘रविवारी ये,’ ती म्हणाली. जुळवलेलं सगळं विसरली. ‘वाजवायला.’

‘येणार आहे. डोरीन आणि मी दोघंही. मागे बसू. टाळ्यासुद्धा वाजवीन, तिकडे शिकवतात ते.’

‘एव्हरेट, फक्त एकदा. तुझ्या घंटा जागेवर आहेत. कुणी हात लावला नाही त्यांना.’

त्यानं गाडीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. ‘एकदा सोडलंय मी ते,’ तो म्हणाला. ‘मला तीच गोष्ट दोनदा सोडता येत नाही, मार्लिस. नको सांगूस.’

चर्चबद्दलच बोलत असणार. दुसरं काय असणार. आतून डोरीन एप्रनला हात पुसत आली, ‘अगं, बाहेरच काय उभी, गारठशील, आत ये, केक आहे,’ म्हणाली, आणि मार्लिस आत गेली, केक खाल्ला, रेसिपी विचारली. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात कोट न काढता बसून राहिली. त्याला ओढून आणायची एकच संधी होती आणि ती संपली होती. रविवारी तो येईल, मागे बसेल आणि आपल्या शेजारी ती जागा रिकामीच राहील, किंवा आपण ती भरायची. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट? रिकामी ठेवली तर निदान ती त्याची राहते. पण त्याच्यासमोर भोकं पडलेलं गाणं वाजवायचं, आणि त्यानं ते ऐकायचं? दुपार उलटल्यावर तिनं ओट्यावर टॉवेल अंथरला, डाव्या हातात दोन लाकडी चमचे धरले, उजव्यात दोन डाव, आणि मनगट फिरवून पाहिलं. मग रोवीनाला फोन केला आणि फक्त ‘बरं’ म्हणाली. शुक्रवारी तळघरात जाऊन तिनं त्या घंटा पहिल्यांदा उचलल्या. त्या तिच्या घंटांपेक्षा किंचित जड होत्या. अठ्ठावीस वर्षं शेजारी उभं राहून हे तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी बाक भरले. मयताला जमतात तशी माणसं कुठून कुठून आली होती, वर्षानुवर्षं न दिसलेली, जाड झालेली, टक्कल पडलेली, आणि सगळी एकमेकांना सांगत होती की आपलं हे चर्च किती छान होतं. तळघरात हॅमची सँडविचं झाकून ठेवली होती. पाळकबाई पुन्हा रडल्या. एव्हरेट मागून दुसऱ्या बाकावर, जुन्याच जागी, डोरीनच्या शेजारी. घंटांची रांग वेदीसमोर उभी राहिली, सहा माणसं उरली होती. मार्लिसनं हातमोजे चढवले, डाव्या हाताच्या बोटांत त्याच्या दोन मुठी अडकवल्या, उजव्यात स्वतःच्या. रोवीनाचा हात वर गेला.

आणि गाणं निघालं. गंधार, मध्यम, पंचम, धैवत. पहिल्या ओळीत ती घाबरलेली होती. दुसऱ्या ओळीत तिला कळलं की घाबरायचं काही कारण नाही. त्याचा सूर कुठे संपणार याची वाट पाहावी लागत नव्हती, तो तिच्याच मनगटात संपत होता. डाव्या खांद्यावर त्याचा मध्यम टेकवून विझवताना त्याची थरथर खांद्याच्या हाडातून आत उतरली, आणि तोवर उजव्या हातात पंचम उठलासुद्धा. मधली ती श्वासाएवढी जागा उरलीच नाही. गाणं पूर्वीपेक्षा गोळीबंद वाजत होतं, पायऱ्यांवर कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही. खरं म्हणजे इतकी वर्षं ते दोघांत किंचित अडखळतच होतं. किती सोपं होतं हे, किती आधी जमलं असतं! तिला ते सहन होईना. दोन माणसं लागतातच अशी तिची पक्की खात्री होती, त्या खात्रीवर तिचे सगळे मंगळवार उभे होते, आणि ती एकटीच चार सूर खणखणीत वाजवत वेदीसमोर उभी होती. डोळे भरून आले तरी हात चुकले नाहीत. शेवटचा सूर तिनं खांद्याला टेकवला आणि चर्च गप्प झालं. त्या चर्चमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. मागून दुसऱ्या बाकावरून कुणीतरी एकट्यानंच सुरुवात केली, मग सगळेच वाजवू लागले.

उपासनेनंतर माणसं जिना उतरून सँडविचांकडे गेली. रांगेतली बाकीची पाच माणसंही गेली. रोवीना पलीकडे कागद गोळा करत होती. मार्लिस घंटा फडक्यानं पुसून त्यांच्या पेटीतल्या खाचांत ठेवत होती, तेव्हा एव्हरेट टोपी हातात धरून टेबलाच्या त्या बाजूला आला, ऐकणाऱ्यांच्या बाजूला. त्या बाजूनं ते दोघं एकमेकांसमोर कधी उभेच राहिले नव्हते.

‘छान वाजवलंस,’ तो म्हणाला. आणि मग त्याच्या नेहमीच्या चेष्टेच्या आवाजात, ‘काय गं, एकटीला सगळं जमत होतं तर माझे मंगळवार कशाला खाल्लेस?’

तिला हसून काहीतरी बोलता आलं असतं. ‘जमतं हे मला आज कळलं,’ ती म्हणाली. फडकं हातात तसंच राहिलं. ‘पण आधी कळलं असतं ना, एव्हरेट, तरी मी कुणाला सांगितलं नसतं.’

त्याचं हसू ओठांवरून उतरलं. टोपीची कड तो बोटांनी फिरवत राहिला. ‘माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं बघ,’ तो म्हणाला, हळू, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. ‘खूप वर्षं झाली. त्या ईस्टरला रोवीनानं दवाखान्यात फोन केला. म्हणाली, तू निवांत पड, मार्लिसला चारही घंटा सहज जमतील, तिला सांगते मी. मी म्हटलं, तिला काही सांगू नकोस. मी येतो.’

तिला तो ईस्टर आठवला. त्याचा पांढराफटक चेहरा, कपाळावर घाम, आणि तिला वाटलं होतं की भक्तीनं.

‘टाके होते तुला,’ ती म्हणाली.

‘होते ना. टाक्यांसकट आलो.’

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच, डोरीनचा, रागाचा नव्हे. एव्हरेटनं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. ‘बरंय मग,’ तो म्हणाला. यावेळी मार्लिसला ‘बरंय’ म्हणता आलं नाही, आणि तोही त्यासाठी थांबला नाही. बाजूच्या दारातून थंडी आत आली आणि दार लागलं. रोवीना कागद छातीशी धरून जवळ आली, मार्लिसच्या तोंडाकडे बघून जरा घाबरली.

‘काय म्हणत होता गं?’

‘काही नाही,’ मार्लिस म्हणाली. ‘मंगळवारांचं बोलत होता.’